पापुआ न्यू गिनीतल्या कामाचं अंदाजपत्रक कसं करावं: आधी डिझेल, मग सिमेंट

माझ्या पहिल्या अंदाजपत्रकात एक ओळ होती: 'पोर्ट मोर्सबी ते माउंट हेगन, ट्रकभाडं.' नकाशावर पट्टी ठेवून मी अंतर मोजलं होतं, वळणांचे म्हणून त्यात तीस टक्के वाढवले होते आणि किलोमीटरच्या दराने गुणून रक्कम घातली होती. त्या कागदावर तीन जणांच्या सह्याही झाल्या. मग माउंट हेगनच्या आमच्या स्टोअरकीपरचा फोन आला. अगदी अदबीने त्याने विचारलं, "सिस्टा, या ट्रकला पंख आहेत का?"

पोर्ट मोर्सबीहून माउंट हेगनला जाणारा रस्ताच नाही. राजधानीतून देशातल्या सगळ्यात मोठ्या बंदराला, म्हणजे लाएला, जाणारा रस्ताही नाही. सरकारने 2020 पासून 'कनेक्ट पीएनजी' या नावाने हे तुटलेले तुकडे जोडायला घेतले आहेत, पण तुमचं अंदाजपत्रक यंदाचं आहे. यंदा माल जहाजाने लाएला जातो आणि तिथून ट्रकने डोंगर चढतो.

मी त्या देशात सहा वर्षं एका छोट्या संस्थेचे हिशेब सांभाळले. आरोग्य उपकेंद्रं, नळपाणी, शाळेच्या खोल्या अशी आमची कामं. मी इंजिनियर नाही, काँक्रीटबद्दल मला विचारू नका. बांधून झालेल्या इमारतीला तिसऱ्या वर्षी कुलूप का लागतं, हे मात्र खतावणीत आधीच दिसत असतं. एखाद्या संस्थेतर्फे, चर्चतर्फे किंवा कंत्राटदाराकडून तिथे जाणार असाल, तर कागदावर पहिली रक्कम लिहिण्याआधी पुढचं वाचा.

देशाची श्रीमंती बेरजेत धरू नका

पांगुनाची तांब्याची खाण 1972 मध्ये सुरू झाली, ओक टेडी 1984 मध्ये, पोर्गेराचं सोनं 1990 मध्ये, लिहिरचं 1997 मध्ये. 2014 च्या मे महिन्यात द्रवरूप नैसर्गिक वायूचं पहिलं जहाज निघालं. त्या एका प्रकल्पावर 19 अब्ज अमेरिकी डॉलर खर्च झाले. हेला प्रांतातल्या हाइड्सपासून राजधानीजवळच्या कारखान्यापर्यंत सुमारे सातशे किलोमीटरची नळवाहिनी टाकली, काही डोंगरातून, काही समुद्राच्या तळावरून. म्हणजे माझ्या ट्रकला जी वाट नव्हती, ती वायूला मिळाली.

आता निधी देणारे काय म्हणतात? इतका श्रीमंत देश आहे, तर जिल्ह्याने निम्मा वाटा उचलायला काय हरकत आहे? कागदावर हे वाक्य छान दिसतं. मीही एकदा 'स्थानिक शासनाचा वाटा: 50 टक्के' असं लिहून मोकळी झाले होते. त्यातला एक किनाही (तिथलं चलन) आला नाही आणि अर्धी भिंत दीड वर्षं पावसात उभी राहिली.

खाण स्वतःच्या धावपट्टीवर, स्वतःच्या विजेवर आणि बाहेरून आणलेल्या सामानावर चालते. शेजारच्या गावाशी तिचा व्यवहार थोडा. विक्रीच्या पैशातून आधी प्रकल्पाचं कर्ज फिटतं, भागधारकांचा वाटा जातो आणि सरकारकडे जे येतं ते त्या वर्षीच्या भावावर आणि करारातल्या करसवलतींवर ठरतं. 2018 साली पोर्ट मोर्सबीत एपेकची, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक गटाची, शिखर परिषद झाली. तिथे ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जपान आणि न्यूझीलंड यांनी 2030 पर्यंत 70 टक्के लोकांना वीज देण्याच्या योजनेला हातभार लावायचं जाहीर केलं. त्या वेळी वीज होती सुमारे 13 टक्के लोकांकडे. वायू परदेशी जायला लागून चार वर्षं झाली होती. तुमच्या अंदाजपत्रकात यातला 13 चा आकडा कामाचा. 19 अब्जांचा विसरून जा.

डोकी स्वतः मोजा

2011 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 72 लाख 75 हजार भरली. पुढची गणना 2021 ला व्हायची ती पुढे ढकलली गेली. मधल्या काळात, 2022 च्या शेवटी, संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने केलेला एक अंदाज बाहेर आला, तो म्हणत होता 1 कोटी 70 लाख. 2024 मध्ये अखेर मोजणी झाली, ती एक कोटीच्या थोडी वर निघाली. देशाची ही गत, तर तुमच्या तालुक्याच्या आकड्यावर औषधांची मागणी कशी बेतणार?

मी असं करायचे: चर्चची बाप्तिस्म्याची वही, शाळेचा पट आणि चुलींची मोजणी, तिन्ही आकडे शेजारी मांडायचे. चुली मोजा, घरं मोजू नका. डोंगरात पुरुषांचं घर आणि बायकांचं घर वेगळं असू शकतं आणि तुम्ही एकच कुटुंब दोनदा मोजता. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर मोठा धरा.

जमीन: कुणाची, ते आधी. किती, ते नंतर

देशातली सुमारे 97 टक्के जमीन परंपरेने कुळांच्या मालकीची आहे. ती विकत घेता येत नाही, त्यामुळे 'जागा खरेदी' हा रकाना काढूनच टाका. त्याजागी 'बैठका' असा रकाना करा आणि त्यात सढळ हाताने पैसे घाला. कंजुषी इथे केली तर ती पुढे दसपट वसूल होते.

जमीनमालकाला तोक पिसिनमध्ये, म्हणजे देशभर चालणाऱ्या बोलीत, 'पापा ग्राउन' म्हणतात. तुम्ही गावात पोहोचलात की पहिल्याच तासात एक रुबाबदार माणूस पुढे येतो, हात मिळवतो आणि सांगतो की मीच पापा ग्राउन. त्याला नाही म्हणू नका, पण त्याच्याशी करारही करू नका. दुसऱ्या दिवशी हद्द चालायला निघा आणि ज्याला यायचं त्याला येऊ द्या. कुठल्या झाडापाशी कोण थांबतो, कोण कुणाला बोलू देतो, नाल्याजवळ आवाज कुठे चढतो, ते वहीत लिहा. हे मला तिथल्या एका वयस्कर कॅटेकिस्टने, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षकाने, शिकवलं. माझ्या सगळ्या फॉर्मपेक्षा ते उपयोगी पडलं.

सगळीकडे वारसा एकाच बाजूने जात नाही. डोंगराळ प्रांतांत साधारणपणे बापाकडून, पण बूगनव्हिल बेटाच्या बहुतेक भागात, न्यू आयर्लंडमध्ये, पूर्व न्यू ब्रिटनच्या तोलाई लोकांत जमीन आईच्या कुळातून येते. तिथे बैठकीत फक्त पुरुषांच्या सह्या घेतल्या तर ज्यांचा हक्क आहे त्या स्वयंपाकघरात बसलेल्या असतात आणि तुमचा कागद कोरा असल्यासारखाच असतो.

आता माझी चूक. एका गावात उपकेंद्राच्या जागेसाठी आम्ही चार महिने बैठका घेतल्या. कुळाची रीतसर नोंदणी असलेला गट होता, सह्या झाल्या, डुक्कर कापलं, भाषणं झाली. इमारत उभी राहिली, नळ जोडला, पाणी आलं. तीन आठवड्यांनी पाणी बंद. वर चढून पाहिलं तर पाइप कोयत्याने स्वच्छ कापलेला. झरा वरच्या कुळाचा होता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, कारण माझ्या फॉर्मवर 'इमारतीची जागा' एवढीच ओळ होती. शेवटी लँड मेडिएटरला, म्हणजे जमिनीच्या तंट्यातल्या मध्यस्थाला, बोलावलं, 'बेल कोल' दिलं, म्हणजे बोलणी सुरू व्हायच्या आधी राग निववण्यासाठी द्यायची भेट, आणि पुढचे दोन महिने गेले. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर पाच ओळी असतात: इमारत, पाण्याचा उगम, पाइपची वाट, वाळू-खडी जिथून काढणार तो नदीकाठ, आणि रस्त्यापासून दारापर्यंतची पायवाट. पाचही ठिकाणी पापा ग्राउन वेगळा असू शकतो.

मोठ्यांच्याही हातून हेच झालं. वायूच्या लाभवाटपाचा करार 2009 मध्ये कोकोपोत झाला. कुठल्या कुळाचा किती हक्क, याची शहानिशा काम सुरू होण्याआधी व्हायला हवी होती, ती राहिली. जहाजं जायला लागली, पण हाइड्सच्या अनेक जमीनमालकांच्या रॉयल्टीचे पैसे वर्षानुवर्षं अडकून पडले, कारण ते कुणाला द्यायचे हेच ठरलं नव्हतं. बूगनव्हिलवरच्या पांगुनाची कथा तर याहून कडू. देशाच्या निर्यातीतला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग त्या एका खाणीतून येत होता. नदी गाळाने भरली, मोबदल्यावरून असंतोष वाढत गेला, 1988 च्या शेवटी फ्रान्सिस ओना आणि त्याच्या साथीदारांनी विजेचे मनोरे पाडले आणि मे 1989 मध्ये खाण बंद झाली. ती पुन्हा सुरू झालीच नाही. मागे आलेल्या युद्धात हजारो माणसं गेली, आणि 2019 च्या सार्वमतात बूगनव्हिलच्या सुमारे 98 टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. बैठकांचे पैसे वाचवू नका असं मी म्हणते ते याच्यासाठी.

एक हिशेबाची गोष्ट इथेच सांगते. डुकराची पावती मिळत नाही. बाजारात डुक्कर विकणाऱ्या माणसाकडे पावतीपुस्तक नसतं आणि लेखापरीक्षकाला डुक्कर समजत नाही. छापील व्हाउचर न्या, त्यावर विकणाऱ्याची सही किंवा अंगठा, गावच्या काउन्सोलची, म्हणजे स्थानिक परिषदेवरच्या सदस्याची, साक्ष आणि डुकराचा फोटो. फोटो हवाच. माझ्या फाइलमध्ये सतरा डुकरं आहेत.

अंतर तासांत लिहा, आणि तास कुणाचे ते विचारा

'क्लोस्तू' म्हणजे जवळ. 'लोंगवे' म्हणजे लांब. 'क्लोस्तू लिकलिक' म्हणजे जवळसंच, आणि त्या जवळशा गावाला मी चार तास चिखलातून चालले आहे. सांगणारी बाई खोटं बोलत नव्हती. ती पाठीवर काउकाउचं, म्हणजे रताळ्यांचं, भरलेलं बिलूम, म्हणजे विणलेली झोळी, घेऊन दोन तासांत जाते. तेव्हा विचारताना असं विचारा: ओझं घेऊन किती? पाऊस असेल तर किती? आजारी माणसाला झोळीत घालून आणायला किती? तिसरं उत्तर उपकेंद्राची जागा ठरवतं.

डोंगराळ भागाची सगळी भिस्त एका रस्त्यावर आहे, लाएहून मार्खम खोऱ्यातून, कासम खिंड ओलांडून गोरोका, मग डाउलो खिंड ओलांडून माउंट हेगन आणि पुढे जाणारा हायलँड्स हायवे. डाउलो खिंड अडीच हजार मीटरच्या जवळपास आहे. देशाची कॉफी या रस्त्याने खाली उतरते, आणि तांदूळ, डिझेल, सिमेंट, लसी वर चढतात. दरड कोसळली, पूल खचला किंवा दोन कुळांची लढाई रस्त्यावर आली की सगळं थांबतं. 24 मे 2024 ला एंगा प्रांतात मुलिटाकाजवळ डोंगराचा कडा गावावर आला. दोन हजारांहून अधिक माणसं गाडली गेल्याचं सरकारने कळवलं होतं. पोर्गेराला जाणारा एकमेव महामार्गही त्याच दरडीखाली गेला. आपण अशा वेळी पुरवठ्याबद्दल बोलावं का, असं वाटतं. पण पलीकडच्या उपकेंद्रांतली औषधं त्याच रस्त्याने यायची होती.

म्हणून रस्त्याच्या कामात मी तीन गोष्टी धरते. ट्रकभाडं रिकाम्या परतीसकट. वाटेत थांबावं लागलं तर चालक आणि मदतनिसाचा चार रात्रींचा भत्ता. आणि माल उतरवून ठेवायला माउंट हेगनला किंवा गोरोकाला भाड्याची कोठी. कोठी नसेल तर दरड पडल्यावर तुमचं सिमेंट ट्रकवरच दगड होतं.

नदीच्या बाजूला गणित निराळं. पश्चिम प्रांतात फ्लाय नदी हाच हमरस्ता. तुम्हाला फायबरची होडी, चाळीस अश्वशक्तीचं इंजिन आणि 'झूम' लागतं. झूम म्हणजे होडीच्या इंजिनात घालायचं तेल मिसळलेलं पेट्रोल. कागदावर 'पेट्रोल' लिहिलंत तर कुणीतरी नुसतं पेट्रोल आणतं आणि इंजिन जळतं. प्रवाहाविरुद्ध जाताना झूम जास्त लागतं, परतीला कमी, हे दोन वेगळे आकडे लिहा. आणि नदी कायम भरलेली असते असं धरू नका. ओक टेडीच्या पट्ट्यात जगातल्या सगळ्यात जास्त पावसांपैकी एक पडतो, तरी 2015 च्या एल निन्योत फ्लायचं पाणी इतकं उतरलं की किउंगाच्या नदीबंदराला जहाजं पोहोचेनात आणि ओक टेडीला खाणकाम थांबवावं लागलं. त्याच वर्षी वर डोंगरात दहिवराने काउकाउ जळालं आणि लोक उपाशी राहिले. एवढी मोठी खाण थांबते तर तुमची होडी काय.

राहिलं विमान. छोटी विमानं गवताच्या धावपट्टीवर उतरतात, त्यांतली बरीच मिशनरी संस्थांची. भाडं वजनावर ठरतं, म्हणून सामानाच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे किलो लिहा, किंमत नंतर. दुपारपर्यंत ढग खोऱ्यात उतरतात, तेव्हा 'दुपारचं विमान' असं तुमच्या आराखड्यात कुठे दिसलं तर तो आराखडा शहरात बसून केलेला आहे. धावपट्टीचं गवत कोण कापतं तेही विचारा. कापणाऱ्याला पैसे मिळाले नाहीत तर पट्टी बंद होते, आणि पट्टी बंद झाली की शिक्षक जातो, मग नर्स जाते. गवत कापण्याचा खर्च माझ्या अंदाजपत्रकात आरोग्याच्या सदरात असायचा. त्यावरून वरिष्ठांशी माझं दरवर्षी भांडण व्हायचं.

सरकारी पैसा: किती, यापेक्षा कधी

2013 पासून दर जिल्ह्याला सेवा सुधारणा निधी म्हणून वर्षाला एक कोटी किना ठरले. जिल्हे आता 96 आहेत. 2014 च्या कायद्याने जिल्हा विकास प्राधिकरणं आली आणि त्यांचा अध्यक्ष त्या मतदारसंघाचा खासदार. म्हणजे इमारत हवी असेल तर खासदाराकडे जा, ती त्याला आवडते, तिचं उद्घाटन होतं. डिझेल, नर्सचा गावफेरीचा भत्ता, दुरुस्ती यांचं उद्घाटन होत नाही. त्यासाठी प्रांतीय आरोग्य प्राधिकरणाकडे जावं लागतं आणि तिथला चालू खर्चाचा पैसा कमीच असतो, तोही उशिरा सुटतो. आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होतं. पहिले महिने कोरडे जातात आणि वर्षअखेरीला घाईने पैसा येतो, ऐन पावसात. तुमच्याकडचे पैसे जानेवारी ते एप्रिलच्या चालू खर्चाला राखून ठेवा. बांधकामावर ते आधी उडवू नका.

सार्वत्रिक निवडणुका 2012, 2017 आणि 2022 मध्ये झाल्या, पुढची 2027 ला. त्या वर्षाच्या मधल्या महिन्यांत डोंगराळ प्रांतांत नवं काम काढू नका. गाड्या मिळत नाहीत, अधिकारी जागेवर नसतात, आणि तुमच्या टाकीवर कुठल्यातरी उमेदवाराचं नाव लागलं तर दुसऱ्याची माणसं ती फोडतात. निकालानंतर नवा खासदार जुन्याचं काम पुढे नेईलच असं नाही.

वस्तू आणि सेवा कर दहा टक्के, तो विसरू नका. हे फार कंटाळवाणं आहे, पण मी विसरले होते.

पगाराला गेलेली नर्स

उपकेंद्र बंद दिसलं की पाहुणे म्हणतात, कर्मचारी हजर राहत नाहीत, शिस्त नाही. मीही पहिल्या वर्षी असाच अहवाल लिहिला. नंतर त्या नर्सबरोबर एकदा प्रवास केला.

तिचा पगार दर पंधरवड्याला शहरातल्या बँकेत जमा होतो. गावात बँक नाही, एजंट नाही. पहाटे तीन तास चालत रस्त्यावर, तिथे पीएमव्हीची, म्हणजे प्रवासी गाडीची, वाट पाहायची. शहरात पोहोचेपर्यंत बँकेची रांग दारातून बाहेर, लिंक बंद. रात्री नातेवाइकांकडे मुक्काम. वानतोक म्हणजे आपली भाषा बोलणारा, आपला माणूस. तो घरात घेतो, आणि म्हणून पगारातला काही भाग त्याच्या घरात जातो. दुसऱ्या दिवशी पैसे, मग तांदूळ, तेल, साबण, मुलांची फी, फोनचा फ्लेक्स, म्हणजे रिचार्ज. तिसऱ्या दिवशी गाडी भरेपर्यंत थांबायचं. चौथ्या दिवशी ती परत आली तेव्हा दारात दोन बाळंतिणी बसल्या होत्या. पगारातला बराच भाग पगार आणण्यातच गेला होता.

यावर आम्ही केलं ते साधं होतं. दोन उपकेंद्रांच्या नर्सनी आळीपाळीने जायचं आणि प्रवासखर्च आम्ही द्यायचा. गावातल्या दुकानदाराला बँकेचा एजंट करायची खटपट केली, ती एका ठिकाणी जमली, दोन ठिकाणी नाही. कर्मचाऱ्याचं घर उपकेंद्राच्या आधी बांधलं. पाण्याची टाकी, आतून लागणारी कडी, जाळीच्या खिडक्या. एकटी राहणारी नर्स रात्री दार वाजल्यावर ते उघडेल की नाही, हे त्या कडीवर ठरतं. कडी कुठल्याच आराखड्यात नव्हती.

पगारपत्रकाला कमी लेखू नका, हे देशानेही पाहिलंय. 10 जानेवारी 2024 ला पोलिसांच्या पगारातून अचानक जादा कपात झालेली दिसली. सरकारने ती संगणकाची चूक म्हणून सांगितलं. पण पोलीस काम सोडून बाहेर पडले होते, आणि संध्याकाळपर्यंत पोर्ट मोर्सबीत दुकानं जळत होती.

बायका कुठे बसल्यात ते पाहा

बैठक 'हाउस विन'मध्ये होते, म्हणजे चारी बाजूंनी उघड्या मांडवात. पुरुष आत, बायका बाहेर गवतावर, अर्धी पाठ वळवून. 2017 ते 2022 या पूर्ण मुदतीत देशाच्या संसदेत एकही स्त्री नव्हती, 2022 ला दोघी निवडून आल्या. गावची बैठक त्याहून वेगळी कशी असेल? मी बोलणं संपल्यावर बाहेर जाऊन बसायचे, बुआई, म्हणजे सुपारी, पुढे करायचे आणि एकच प्रश्न विचारायचे: पाणी भरायला कुठल्या वाटेने जाता आणि कुठल्या वाटेने जात नाही? दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर मिळालं की नळ कुठे हवा ते कळतं.

पैसे देताना ते कुणाच्या हातात पडतात तेही ठरवा. पश्चिम न्यू ब्रिटनमध्ये होस्किन्सच्या तेलताडाच्या मळ्यांत 1997 ला 'मामा लूस फ्रूट' योजना आली. घडातून गळलेली फळं बायका वेचायच्या, पण पैसे नवऱ्याच्या नावावर जायचे, म्हणून वेचणंच सोडलं होतं. बायकांना स्वतंत्र कार्ड आणि स्वतंत्र पैसे दिल्यावर जमिनीवर कुजणारी फळं गोळा व्हायला लागली. आम्ही खडी फोडण्याच्या मजुरीत हेच केलं, बाईची मजुरी बाईच्या हातात, तिच्या नावाच्या व्हाउचरवर. पहिल्या आठवड्यात दोन नवरे भांडायला आले. मी त्यांना व्हाउचरवरचा अंगठा दाखवला आणि कपाट बंद केलं.

तिसरं वर्ष आधी लिहा

मी आता अंदाजपत्रक उलटं करते. पहिल्या कोऱ्या कागदावर तिसरं वर्ष. इमारत बांधून झालेली आहे, आमचे लोक निघून गेलेत, फित कापणारेही गेलेत. त्या वर्षी दर महिन्याला काय लागेल? झूम किंवा डिझेल, गवत कापणं, नळाचे वॉशर, नर्सची पगाराची फेरी, लसीच्या शीतपेटीची वाहतूक. प्रत्येक ओळीपुढे कोण देणार त्याचं पद लिहायचं, संस्थेचं नुसतं नाव चालत नाही. खेड्यातल्या आरोग्यसेवेचा साधारण निम्मा भार चर्च उचलतात, तेव्हा बऱ्याच ओळींपुढे चर्चच्या आरोग्य सचिवाचं पद येतं आणि ते बरं असतं, तो माणूस सहसा बदलून जात नाही. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही ती गोष्ट बांधायची नाही, किंवा इतकी लहान करायची की कुणालातरी परवडेल.

लसींचा फ्रिज घेताना बॅटरी नसलेला, थेट सौर पॅनेलवर चालणारा घ्या. बॅटरी असली की आधी नर्सचा फोन, मग काउन्सोलचा दिवा, मग रविवारी चर्चचा लाउडस्पीकर तिच्यावर चालतो आणि फ्रिज गरम होतो. कुणाचा दोष म्हणून सांगत नाही. मैलोन्‌मैल दुसरी वीज नसेल तर मीही फोन लावला असता. पण 2000 साली पोलिओमुक्त ठरलेल्या या देशात 2018 ला पोलिओ परत आला, 26 जणांना झाला, लाएसारख्या शहराच्या प्रांतातून सुरुवात होऊन. लसीकरण मागे पडलं की तो परत यायला वेळ लागत नाही.

हिशेबाची वही गावातच ठेवा, तोक पिसिनमध्ये. तीन रकाने पुरतात: 'मानी इ काम', 'मानी इ गो', 'मानी इ स्ताप'. आले, गेले, उरले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चनंतर मोठ्याने वाचायची. माझ्या सगळ्या सॉफ्टवेअरने जेवढी उधळपट्टी पकडली नाही तेवढी एका आजीने पकडली. तिला वाचता येत नव्हतं, पण मागच्या महिन्याचं 'इ स्ताप' तिला तोंडपाठ होतं.

आणि सह्यांसाठी कागद वर पाठवण्याआधी तो खाली पाठवा. माझं प्रत्येक अंदाजपत्रक आधी माउंट हेगनच्या त्या स्टोअरकीपरकडे जायचं. तो पेन्सिलने आकडे खोडायचा, काही वाढवायचा, कारण कधीच लिहायचा नाही. शेवटच्या वर्षी त्याने एकच ओळ घातली होती: 'ताडपत्री, मोठी, 2.' मला जादा वाटली, तरी राहू दिली. लाएच्या धक्क्यावर पोहोचले तेव्हा सकाळपासून कोसळत होतं, आणि आमच्या चारशे गोण्या उघड्यावर उतरवल्या होत्या.